मटणाच्या पंगतीत मिटवलेलं प्रकरण

कोल्हापूर,
१९ सप्टेंबर २०२५

अमरदादास,

वर्षाराणीचा नमस्कार. वहिनींच्या गुडघ्याचं दुखणं कमी झालं असेल. आमच्याकडं सगळे बरे आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं.

तुझा बंगला दोन गल्ल्या सोडून आहे, तरी मी पत्र लिहितेय. फोनवर तू "कळलं की गं, कळलं" म्हणून ठेवून देतोस, आणि कळलेलं काहीच नसतं.

आधी अभिनंदन. शाळेच्या फाटकावर संस्थेचा नवा फ्लेक्सचा फलक बघितला, 'छळमुक्त शाळा'. त्यात तू चेअरमन म्हणून फेटा बांधून, हात जोडून उभा. चेहरा एवढा गोरा केलाय की रिक्षावाल्यानं मला विचारलं, हे पावणं कुठलं. तुझ्याखाली संचालक, त्यांच्याखाली मुख्याध्यापक, आणि अगदी तळाला मदतीचा फोन नंबर. तो नेमका फलक बांधायच्या दोरीखाली गेलाय. वाचता येत नाही.

वहिनींनी माझ्या आदर्शची चौकशी केली होती. त्यांना सांग, तो घरातसुद्धा बोलायचा बंद झालाय. पाणी हवं असलं तरी बोट दाखवतो. बोलताना अडखळतो हे तुला त्याच्या लहानपणापासून ठाऊक आहे, मामा आहेस. मधल्या सुट्टीत मोठी पोरं त्याला पाण्याच्या टाकीमागं न्यायची, प्रतिज्ञा म्हणायला लावायची, अडला की मान नळाखाली धरायची आणि मोबाइलवर शूटिंग करायची. मग ते शूटिंग सगळ्या वर्गांच्या ग्रुपवर फिरायचं. आठवीतलं पोर, त्याला शाळेत जायचं म्हटलं की उलटी होते.

त्याचा ओला शर्ट घेऊन मी मुख्याध्यापकांकडं गेले. ते म्हणाले, "पोरं हायत ताई, चालायचंच. जरा तालमीत घाला की त्याला, धीट हुईल." म्हणजे ज्याची मान धरली त्यानंच जोर-बैठका काढायच्या. धरणाऱ्यांना काय सांगितलंत म्हणून विचारलं, तर घंटी वाजवून चहा मागवला. डोंबलाचा चहा. हा माणूस दर शनिवारी पोरांना संस्कारांवर भाषण देतो.

मग तू मध्ये पडलास. भावकीतला बांध असो नाहीतर पोराची मानगूट, तुम्हा लोकांना मिटवायची एकच रीत ठाऊक. बकरं पाडायचं आणि दोन्हीकडच्यांना एका पंगतीत बसवायचं. एकदा रस्सा पोटात गेला की तक्रार करणारा नमकहराम ठरतो. कागल रोडच्या मळ्यावर तू जेवण घातलंस. संचालक वाट्यांवर वाट्या रिचवत होते. पांढऱ्या रश्शात खोबरं किती असावं यावर जेवढी चर्चा झाली, तेवढी माझ्या पोरावर झाली नाही. आमचे हेसुद्धा मान खाली घालून जेवले. त्यांचा हिशेब मी घरी चुकता केलाय, तू काळजी करू नकोस.

आणि जेवणं होत आली तशी तू आदर्शला उभं केलंस. "सगळ्यांम्होरं म्हण, मिटलं. म्हंजे विषय संपला."

तो उभा राहिला. तोंड उघडलं, पण शब्द काही येईना. सगळी पंगत हातातला घास धरून बघत बसली. तेवढ्यात समोरून यशराजनं मोबाइल वर धरला.

हो, यशराज. इतका वेळ मी 'मोठी पोरं' लिहितेय. टाकीमागं मान धरणारा हात तुझ्या मुलाचा होता, हे तुला आणि मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मळ्यावर त्याचं नावसुद्धा कुणी घेतलं नाही. माफी त्यानं मागायची होती, आणि उभा माझा मुलगा होता.

तरी त्याचा मला तेवढा राग नाही. दहावीतलं पोर, घरात बघतं ते शाळेत करतं. पण तू हसलास, दादा. सख्ख्या भाच्याची जीभ अडकलेली बघून तू हसलास, आणि तुला बघून पंगत हसली. शेवटी "मिटलं" हा शब्दही त्याच्या वतीनं तूच म्हणालास आणि हात धुवायला गेलास. मी तुला आजवर मोठा माणूस समजत होते. तू नुसता मोठ्या फलकावरचा माणूस आहेस. तुझी किळस येते मला.

काल आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. उद्या-परवा तुला आणि मुख्याध्यापकांना बोलावणं येईल. ओळखीपाळखीचे फोन फिरवायचे तर खुशाल फिरव. शिक्षणाधिकाऱ्यांकडंही मी सगळं शूटिंग दिलंय, मळ्यावरचंसुद्धा. तुझ्या मुलानं तेही ग्रुपवर टाकलं होतं. त्यात तुझं हसणं अगदी स्पष्ट ऐकू येतं.

ठाण्यात साध्या कपड्यांतल्या एक पोलीस बाई होत्या. मी सांगायला लागले तर म्हणाल्या, "तुम्ही थांबा ताई, त्याला सांगू दे." तो अडला की त्या नुसत्या थांबायच्या. घाई नाही, खाणाखुणा नाहीत. त्यानं टाकी सांगितली, नळ सांगितला, मळा सांगितला. मग त्यांनी विचारलं, कुणी केलं हे.

पहिल्याच अक्षरावर तो अडला. घामाघूम झाला. मला वाटलं, आता उठून बाहेर जातोय. गेला नाही. "यशराज अमरसिंह," असं बापाच्या नावासकट त्यानं पुरतं सांगितलं. तिथं कुणी हसलं नाही.

आदर्शची आई,
वर्षाराणी