हिरव्या पुडीचा सूड

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण: सूड. लिहून ठेवलं नाही तर राग विसरायला होतो, असा माझा अनुभव आहे.

घटना अशी. आमच्या लॅबमध्ये डेंटिस्ट लोकांसाठी पोर्सेलीनचे दात बनतात. खिडकीजवळच्या खुर्चीवर बसणारा समोरचे दात करतो, कारण दाताचा रंग दिवसाच्या उजेडातच खरा कळतो. ती खुर्ची इतकी वर्षं माझी होती. आज मॅडमनी ती नव्या पोराला, बांबूला दिली आणि मला भट्टीजवळ बसवलं. तिथे दाढा करतात. दाढ कोण बघतं?

मॅडम म्हणाल्या, तुमचा हात थरथरतो, कॉफी कमी करा. हात थरथरत नाही. ब्रश जुना आहे.

४ मार्च
बांबू म्हणजे नवा टेक्निशियन. ब्रश कसा धरायचा हे त्याला मीच शिकवलं. आयत्या बिळावर नागोबा. रोज वाडग्यात हिरवी पूड टाकतो, वर गरम पाणी, आणि बांबूच्या काड्यांच्या कुंच्याने (म्हणून हे नाव) दाढीच्या साबणासारखा फेस काढतो. त्याला माचा म्हणतात, जपानी चहा. वर मलाच सांगतो की कॉफी एकदम चढवते आणि एकदम आपटते, माचा सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो, काकांनी करून बघावा. मला काका म्हणाला. तेही लक्षात ठेवलं आहे.

६ मार्च
त्याचा कुंचा पळवला. डब्याच्या पिशवीतून घरी. बायकोला सापडला. बाटल्या घासायला छान आहे म्हणाली आणि सगळ्या घासून काढल्या. बांबूने आज जेवणाच्या काट्याने फेस काढला. हात तसाच स्थिर. योजना निम्मी यशस्वी.

१० मार्च, सकाळी
अस्सल योजना सुचली. शत्रूचा दारूगोळाच संपवायचा. लॅबची एक किल्ली माझ्याकडे असते. सगळ्यांच्या आधी जायचं आणि त्याच्या डब्यातली पूड रोज कमी करायची. पूड संपेल, त्याचा हात थरथरेल, खुर्ची परत.

फेकून देणं बरं नाही, शेवटी खायचा पदार्थ. म्हणजे प्यावी लागणार. ही चोरी नव्हे. चोर आवडीने नेतो.

उकळतं पाणी ओतून चमच्याने ढवळली. चव: कापलेलं गवत, त्यात भिंतीचा ओला रंग. गुठळ्या चावून खाल्ल्या. सुडाला त्याग लागतो.

१३ मार्च
पाणी उकळतं नको, जरा निवू द्यायचं. पूड आधी चाळून घेतली की गुठळ्या होत नाहीत. झाकणाच्या बाटलीत हलवली तर फेसही येतो. हे सगळं केवळ काम लवकर उरकावं म्हणून शिकलो.

१९ मार्च
कॉफीचा मग दिवसभर टेबलावर असतो, बांबूला दिसेल असा. प्यायला वेळ होत नाही. पूर्वी जेवणाआधी सगळ्या जगाचा राग यायचा, तो हल्ली येत नाही. (बांबूचा येतो.) झोपही गाढ. बायको म्हणाली, अलीकडे माणसासारखं बोलता. सूड प्रकृतीला मानवतो, दुसरं काय.

एकच शंका. डबा रिकामा होत नाही. माचा बहुधा फुगत असावा.

२४ मार्च
मॅडमनी मी केलेली दाढ भिंगाखाली धरली. बराच वेळ. मग म्हणाल्या, एका मुख्याध्यापिकाबाईंच्या समोरच्या दाताचं काम आलंय, तुम्ही करा, जमलं तर खुर्ची तुमची. बांबूचे दिवस भरले. जुना ब्रशही आता हाताला बसला आहे.

२५ मार्च
दात झाला. शेवटची चकाकी तेवढी राहिली. इतका जिवंत की शेजारच्या दातांनी लाजावं. मॅडमनी सगळ्यांदेखत विचारलं, हात एवढा सुधारला कशाने. मी मुद्दाम खिडकीशी गेलो. बांबूच्या नाकावर टिच्चून तोंडभर हसलो आणि सांगितलं की ही कॉफीची ताकद, त्या हिरव्या पाण्याला मी शिवलेलोही नाही.

सगळे माझ्या दातांकडे बघायला लागले. ज्या खोलीत प्रत्येक जण दातांचा रंग ओळखून पोट भरतो, तिथे माचा पिऊन उजेडात हसू नये. हे आधी सुचायला हवं होतं. मॅडमनी दातांच्या रंगांची पट्टी माझ्या ओठांशी धरली, इकडून तिकडे नेली आणि म्हणाल्या, ही शेड आपल्याकडे नाही.

मग बांबू म्हणाला की त्याला माहीत होतं. डबा तोच रोज भरून ठेवायचा. काकांच्या हाताची थरथर थांबली म्हणून बोलला नाही. चिडवत असता तर बरं झालं असतं. तो मनापासून बोलत होता. इतका अपमान माझा आजवर कोणी केला नाही.

मॅडम म्हणाल्या, खुर्ची तुमचीच, फक्त कॉफी नको.

२६ मार्च
खिडकीत बसलो. टेबलावर नवाकोरा डबा. बांबूने ठेवलेला. म्हणजे मी जन्मभर त्याच्या उपकाराची पूड पिऊन समोरचे दात करायचे? डबा त्याच्या टेबलावर नेऊन आपटला. कडक कॉफी केली. नंतर आणखी एक. नंतर आणखी एक, तत्त्व म्हणून. बांबूकडे बघत प्यायलो. सूड पुरा झाला.

दुपारी चकाकी द्यायला बाईंचा दात चिमट्यात उचलला. चिमटा थरथरला. दात फरशीवर. दोन तुकडे.

चिमटा जुना होता असं लिहिणार होतो. चिमटा नवा आहे.

२७ मार्च
भट्टीजवळ. दाढा. बांबू खिडकीत बसून बाईंचा दात पहिल्यापासून करतो आहे. सारखी मान वर करून माझ्याकडे बघतो. मी बघत नाही. मॅडमनी दाढांचा ट्रे पुढ्यात ठेवला आणि गेल्या; रागावल्या असत्या तर निदान भांडता आलं असतं.

कॉफी नेहमीसारखीच केली. कडू लागली. अर्धी बेसिनमध्ये ओतली.

तो नवा डबा बांबूने आता लॅबच्या कपाटात ठेवलाय. पुढेच, माझ्या हाताला येईल असा.

बायकोकडून कुंचा मागून घेतला. दुधाच्या बाटल्यांचा वास येतोय, नीट धुतला. उद्या सगळ्यांच्या आधी जाणार आहे. कुंचा जागेवर ठेवायला. दुसरं काही कारण नाही.