माणूस पाहून माल

७ एप्रिल, सोमवार

आज माझा लोड गेला. नोंद गांभीर्याने व्हावी.

चिखलीच्या बाजारात वसंतशेटचं साडीचं दुकान, पहिल्या मजल्यावर. तिथल्या पांढऱ्या गादीचा खिडकीकडचा कोपरा म्हणजे ऑफिस सुटल्यावरचं माझं संस्थान. साडी घेत नाही. चहा पितो, गिऱ्हाइकांवर शेरे मारतो. शेटची करमणूक, पेपरातल्या माझ्या सदराला मजकूर. आज एक लग्नाची पार्टी आली, बाईंच्या हातात कोपरापर्यंत सोनं. शेटनं माझ्या पाठीमागचा लोड ओढला आणि बाईंच्या यजमानांना दिला. तासभर माझी पाठ भिंतीला.

"तुमी त घरचेच," शेट म्हणे.

घरच्यांना पाठ नसते.

९ एप्रिल

सूड. शेटला दुकानात गमतीची पाटी लावायची होती, पुण्यात असतात तशी. लिहून दिली: 'येथे माणूस पाहून माल दाखवला जातो.' वाटलं, झोंबेल. शेटनं वाचून मांडीवर थाप मारली. "एक नंबर, सर! धंदा म्हंजे हेच!" टोमणा मारावा आणि समोरच्यानं त्याचा हार करून गळ्यात घालावा. पाटी लगेच पेंटरकडे.

हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. "टोमणा तुम्हाला कळतो. लोकांना पाटीच दिसेल," म्हणाली. हसलो. घरात समीक्षक असला की असं होतं.

१२ एप्रिल, शनिवार

पाटी लागली. लाल अक्षरं, जिना संपतो तिथं, चपला काढायच्या जागेवर. पोरं तिच्याखाली फोटो काढून राह्यली. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आहे. स्टँडजवळच्या मोबाईलवाल्यानं तशीच करून लावली, मिठाईवाला विचारत होता. पंधरा पंधरा ओळींचे लेख लिहिले, एवढे वाचक कधी मिळाले नाहीत. खोटं कशाला लिहू, छाती फुगली.

१४ एप्रिल

जयंतीची मिरवणूक. शेटनं जिन्याच्या तोंडाशी सरबताचं टेबल लावलं, सगळ्यांना हात जोडून ग्लास. वर पाटी, खाली सरबत. यावर लिहायला हवं. नाही लिहिलं. पाटी आपलीच, म्हणून.

१६ एप्रिल, बुधवार

दुपारी किरकोळ रजा, म्हणून लवकर दुकानात. जिन्यावर दोघी आल्या, मायलेकी. आईच्या कपाळावर, हनुवटीवर गोंदण, गळ्यात मण्यांच्या माळा, उन्हानं तांबूस झालेले केस. चपला नीट एका बाजूला काढल्या. सेल्समन गजू आडवा.

"काय पाह्यजे?"

"लग्नाची साडी. ह्या पोरीचं लगन हाय."

"तसला माल वर नाही ठेवत. खाली फुटपाथवर पाहा."

"वरच हाय. खिडकीतली जांभळी पाह्याची हाय."

गजूनं पाटीकडे बोट केलं. "वाचता येते काय?"

आईला येत नसावं. पोरगी वाचू लागली, शाळेत धडा वाचतात तशी, एकेक शब्द मोठ्यानं. माझं वाक्य. आईनं ऐकून घेतलं. पदर सारखा केला, ताठ उभी राहिली.

"मंग पाहा."

गजूनं पुन्हा पाटीकडे पाहिलं.

"पाह्यलं? दाखवा आता."

शेट हसला. माझ्याकडे हात करून म्हणाला, "हे सर बसले ना, याईनंच लिहेल हाय. मोठे लेखक हायेत." कौतुकानं म्हणाला. पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं. कपात काही नव्हतं.

त्यांनी चपला घातल्या. उतरता उतरता आई म्हणाली, "उंद्रीवरून आलो भाऊ, उन्हाचं." कोणाला म्हणाली, माहीत नाही.

गजू म्हणे, "पारधी हायेत, शेट. एक आत आली का धा येतात."

 चहा दुसरा आला. प्यालो.

१७ एप्रिल

काल एक गोष्ट लिहिली नाही. त्या दोघी जिन्यावर दिसल्या तेव्हा माझी पिशवी बाजूला होती, गादीवर. नंतर पाहिली तर मांडीवर. मधे कोणीतरी ती ओढली. दुसरं कोणी जवळ नव्हतं.

पाटी टोमणा होता, असं म्हणता येईल. पिशवी काय होती?

१९ एप्रिल

रात्रभर बसून सदर लिहिलं. दुकानावर, गजूवर, समाजावर. चुरचुरीत झालं. सकाळी वाचलं. त्यात मी फार चांगला माणूस दिसतो. पिशवी नाहीच त्यात. फाडलं.

शेटकडे गेलो, म्हटलं पाटी काढा.

"काऊन? लोकाईले पसंत पडली ना."

"मला नाही पसंत."

"सर, चोरी झाली त तुमी भरून देसान काय?"

"आजवर कधी झाली?"

"लक्ष ठेवतो म्हणूनच नाही झाली ना."

या तर्कावर मी एरवी चार लेख काढले असते. आज बसलोही नाही. शेटनं लोड पुढे केला, म्हणे, "घ्या, रागावले काय?"

२० एप्रिल, रविवार

स्कूटर काढली, उंद्रीला गेलो. पारध्यांची वस्ती विचारली तर रस्ता सांगणाऱ्यानं आधी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तिकडं काय काम?" म्हणे. तोही माणूस पाहूनच सांगतो.

आईचं नाव शेवंताबाई. पोरीचं पूजा, बारावी झालेली. ओळखलं लगेच. शेवंताबाईनं खाट टाकली.

"बसा, सर. पिशवी ठेवा कुठंही," पूजा म्हणाली. "आमी नाही हात लावत."

दिसलं होतं तिला.

माफी मागितली. लिहून आणल्यासारखी झाली, दोनदा अडखळलो तरी. मग म्हटलं, जांभळी साडी मी आणून देतो.

शेवंताबाई हसली. "साडी त बुलडाण्यातही भेटते, भाऊ. माया पोरीले गादीवर बसून पाह्याची होती. त्याईनं धा साड्या उलगडाव्या, न हिनं म्हणावं, नाही आवडली, दुसरी दाखवा. माया लग्नात मले कोणी इचारलं नाही."

"मी येतो सोबत. बसवतील."

"तुमच्या संगं आलं त तुमाले बसवतीन," पूजा म्हणाली. "आमाले नाही."

मग काय करू, म्हटलं. खरंच विचारलं. एवढ्या वर्षांत कोणाला असं विचारल्याचं आठवत नाही.

पूजानं आईकडे पाहिलं. "मायले मी वाचून दाखवलं ते. आता तुमी वाचा. दुकानात, सगळ्याईसमोर, मोठ्यानं."

"मग?"

"मंग तुमी जा."

शेवंताबाईनं काळा चहा दिला. चांगला होता. लगीन पुढच्या सोमवारी; दुकानात मंगळवारी चारला यायचं ठरलं.

२१ एप्रिल

घरी वाक्य मोठ्यानं वाचून पाहिलं. चौथ्या शब्दाला खोकल्याचं निमित्त काढतो. ही बाहेरून, "बरं नाही का?"

२२ एप्रिल, मंगळवार

रजा टाकून चारला गेलो. गादीवर दोन गिऱ्हाइकं, बँकेतल्या बाई आणि त्यांची सून. दहा मिनिटांत दोघी आल्या. पूजाच्या केसात गजरा. चपला काढल्या. गजू पुढे सरकला, मी त्याच्या आधी पाटीजवळ गेलो. शेट खुशीत, वाटलं काहीतरी गंमत करतो आता.

वाचलं. 'येथे माणूस पाहून माल दाखवला जातो.' आवाज पाहिजे तसा लागला नाही. बँकेतल्या बाई आधी हसल्या, मग थांबल्या. शेवंताबाईकडे पाहूनच वाचायचं होतं, जमलं नाही, पाटीकडेच पाहून वाचलं. पूजा म्हणाली, "आणखी एकदा." आणखी एकदा वाचलं. या वेळी तिच्याकडे पाहून.

"हे मी लिहिलं," म्हटलं. "आणि त्या दिवशी मी पिशवीही ओढली होती."

हे कोणी मागितलं नव्हतं.

शेटचा चेहरा उतरला. "सर, हे काय..."

"झालं," पूजा म्हणाली. "आता जा तुमी. आमाले साडी पाह्याची हाय."

शेवंताबाई गादीच्या काठावर टेकली. मग मागं सरकून मांडी घालून बसली. पूजा शेजारी. सूनबाईंनी आपली पर्स उचलली, आणि पलीकडे ठेवून जागा केली. की दूर घेतली, मला कळलं नाही. गजू शेटकडे बघत होता.

चपला घातल्या. जिना उतरताना निम्म्यावर थांबलो. घडी मोडून साडी गादीवर टाकली की एक आवाज येतो, ओळखीचा आहे; तो येतो का, म्हणून कान दिला. वर पंखा चालू होता. त्याच्या घरघरीत काही कळेना. खालून रिक्षावाला म्हणाला, "साहेब, वाट सोडा ना." सोडली.