रक्ताची पत्रिका

ठाणे,
१४ एप्रिल १९५७

ती. दादास,

प्रमोदिनीचा नमस्कार. इथे सगळे खुशाल. अण्णांचा दमा हल्ली आटोक्यात आहे. सरोजआत्याने कैरीचं लोणचं घातलं आणि तुझी बरणी वेगळी काढून ठेवली. तू कसा आहेस हे विचारायचं माझ्या मनात नव्हतं, पण आत्या शेजारी बसली आहे म्हणून विचारते.

तू अण्णांना लिहिलेलं पत्र मी वाचलं. विश्रामच्या रक्तात अल्फा जातीची चरबी फार कमी आहे, परदेशातल्या पाहणीत हृदयविकाराच्या रोग्यांत ती अशीच कमी आढळली, त्यांचे वडील आणि काका दोघेही चाळिशीतच गेले, तेव्हा त्यांच्याशी ठरलेलं माझं लग्न मोडावं, असं तू म्हणतोस. अल्फा ती चांगली चरबी आणि बीटा ती वाईट, इतकं मला कळलं. पण पुढे तूच लिहिलं आहेस की अल्फा कमी म्हणून हृदय बिघडतं, की दुसऱ्याच कशाने दोन्ही होतं, हे अजून कुणालाच ठाऊक नाही. मग कुणालाच ठाऊक नसलेल्या गोष्टीपायी माझं लग्न का मोडायचं?

आणि रक्त घेतलंस ते कसं? प्रयोगाला धडधाकट माणसं हवीत म्हणून विश्रामना, आपल्या मित्राला, बोलावलंस. त्यांनी विश्वासाने बाही वर केली. निकाल मात्र त्यांच्याआधी अण्णांना कळवलास.

अण्णांनी तुझा कागद देवघरात पंचांगाखाली ठेवला आहे. आठवतं ना, दादा? मंगळ निघाला म्हणून आत्याचं ठरलेलं लग्न मोडलं आणि ती कायमची इथेच राहिली. माझं तसं होऊ नये म्हणून तू कॉलेजात असताना माझी पत्रिका न्हाणीघरातल्या बंबात घातलीस. अण्णांनी कितीतरी दिवस तुझ्याशी अबोला धरला. मला तुझा केवढा अभिमान वाटला होता! आता तूच नवी पत्रिका मांडून पाठवलीस. मंगळ आकाशातून रक्तात आला, एवढाच फरक. आत्याने तुझं पत्र वाचलं आणि कैऱ्या चिरायला बसली.

निकाल कळल्यावर विश्रामनी चिठ्ठी पाठवून मला मोकळं केलं. मी काही मोकळी झाले नाही. तशीच उठून डोंबिवलीला त्यांच्या घरी गेले. ते शाळेत शिकवायला गेले होते. त्यांच्या आई, तुळसाकाकू, तांदूळ निवडत होत्या. मी सरळ विचारलं, नवरा लवकर जाणार हे आधी कळलं असतं तर तुम्ही लग्न केलं नसतं का? त्यांनी हातातलं सूपसुद्धा खाली ठेवलं नाही.

"सतरा वर्षं भांडले गं मी त्यांच्याशी," म्हणाल्या. "आधी कळलं असतं, तर मेलं तेवढंही घडलं नसतं."

मग मी विश्राम येईपर्यंत थांबले आणि त्यांची चिठ्ठी त्यांच्या हातात परत दिली. त्यांनी ती घडी घालून खिशात ठेवली.

एक लिहायचं नव्हतं, पण लिहिते. ते जिना चढून वर आले तेव्हा मी त्यांचा चेहरा पाहिला नाही. धाप लागली आहे का, ते पाहिलं. लागली नव्हती, तरी मी त्यांचे श्वास मोजत राहिले. हे आता जन्मभर माझ्या मागे राहील, आणि ते तू लावून दिलंस. मला भीती वाटते, दादा. पण भीती वाटते म्हणून मी मागे हटणार नाही.

१९ मेला, रविवारी, डोंबिवलीला गणपतीच्या देवळात लग्न आहे. मुहूर्त पाहिला नाही, तुझ्या प्रयोगशाळेची सुट्टी पाहिली. बहिणीला नीट सांभाळ, अशी तंबी देऊन नवऱ्या मुलाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. तर ये आणि पीळ. लाल होईपर्यंत पीळ आणि काय ते त्यांच्या कानात सांग: चालत जा, तूप बेताने खा, लवकर मरू नकोस. तुला मुळात हेच सांगायचं होतं, ते तू चुकीच्या माणसाला सांगितलंस.

आला नाहीस, तर कान मी पिळीन. भटजींना काय म्हणायचं ते म्हणू दे.

तुझीच बहीण,
जिची पत्रिका तू जाळलीस ती,
प्रमोदिनी