न फवारलेला वाफा

९ जुलै, मंगळवार
लोणी काळभोर. मक्यातली फवारणी उरकली. आठ वाफ्यांवर कंपनीचं नवं तणनाशक, चारांवर काहीच नाही. त्या चारांत तण माजलं, तरच औषध काम करतं हे पूर्व आफ्रिकेतल्या नोंदणी कार्यालयाला पटणार, आणि मगच तिथे विकायची परवानगी. थोडक्यात, कंपनीचं भवितव्य लव्हाळ्याच्या हाती. चारही वाफ्यांवर मी स्वतः रंगवलेली पाटी लावली: 'येथे फवारणी केलेली नाही. होणारही नाही. विचारू नये.' अक्षर छान आलंय.

२४ जुलै, बुधवार
पहिली मोजणी. लाकडी चौकट टाकून आतलं एकेक रोप मोजलं. न फवारलेल्यात केना, लव्हाळा, आणि घोळ तर नुसती उतू चाललीय. जमीनमालकाची आई, हौसाबाई, बांधावर उभी होती.
"पगार घिऊन तण वाढिवताय व्हय?"
हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार. फार कीव करून बघितलं तिने.

८ ऑगस्ट, गुरुवार
हौसाबाईचा मुलगा कामासाठी शहरात आला होता. स्वारगेटला घोळीची ही मोठी जुडी हातात दिली, आईने पाठवली म्हणून. डाळ, लसूण घालून केली. ह्यांनी दोनदा घेतली. म्हणाले, "तुझ्या नोकरीतून पहिल्यांदाच काहीतरी खाण्याजोगं घरी आलं."

९ ऑगस्ट, शुक्रवार
दुसरी मोजणी. म्हणजे, नाही.
चारही न फवारलेले वाफे सारवलेल्या अंगणासारखे. हौसाबाई खुशीत. "भाजी समद्या आळीत वाटली. घोळ काढतानी बाकीचं बी उपटलं. तुमाला तेवढाच हातभार."
बाकीच्या आठांना हात का नाही लावला?
"इख मारल्यालं कोण खाईल? सूनबाईनं पाटी वाचून दावली की."
काल आम्ही नवरा-बायको माझी दुसरी मोजणी जेवलो. आणि आता आकडे बघावेत तर औषधापेक्षा हौसाबाईच गुणकारी.

१२ ऑगस्ट, सोमवार
साहेबांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "पहिली मोजणी आहे ना? तीच थोडी वाढवून लिहा. तण काय, वाढतंच."
सही माझी. हाताखालच्या पोरांना इतकी वर्षं ओरडत आले, न मोजलेलं लिहायचं नाही म्हणून. मी नाही म्हणाले.
"मग परवानगीला हौसाबाईंचंच नाव पाठवा."
बाहेर येऊन रडू आलं. रागाने की भीतीने, कळेना. पन्नाशीत दुसरी नोकरी कोण देणार?

१४ ऑगस्ट, बुधवार
खरं ते लिहून पाठवलं. 'स्थानिक महिलेने भाजीसाठी तण काढून नेले.' इंग्रजीत आणखीच वेडगळ दिसतं. साहेब आता माझ्याशी फक्त ईमेलवर बोलतात. मध्ये एक काचेचं दार आहे, त्यातून एकमेकांना टाइप करताना बघतो.

२ सप्टेंबर, सोमवार
नोंदणी कार्यालयाचं उत्तर आलं. तिथेही घोळ खातात म्हणे! फवारलेल्या शेतातली भाजी कोणी खुडू नये म्हणून डब्याच्या लेबलवर काय लिहिणार, ते विचारलंय. आमच्यापैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. हौसाबाईच्या सुनेला मात्र पाटी वाचून कळलं.
चाचणी पुन्हा करायची. न फवारलेले वाफे बघायला त्यांचा तपासनीस स्वतः येणार. साहेब दार उघडून आले. "या खेपेला तण जगवा. नाहीतर दोघंही घरी."

१९ नोव्हेंबर, मंगळवार
उद्या तपासनीस. चारही वाफ्यांत तण गुडघ्याएवढं, दृष्ट लागावी असं. नवी पाटी: 'येथील तण भाजीसाठी नाही.' हौसाबाईने सुनेच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीय, भाजीला म्हणून एक काडी उचलणार नाही.
संध्याकाळी तिचा फोन. "मॅडम, उद्या परदेशातलं पाव्हणं येणार म्हनं. आन् त्यास्नी ह्ये असलं रान दावायचं? लोक काय म्हनतील? तुमी काळजी करू नका. उजाडायला चार बाया घिऊन जाते. भाजीला न्हाई हो, शब्द दिलाय. समदं उपटून बांधावर टाकते."
अहो नको, म्हणेपर्यंत फोन बंद. पाच वेळा लावला. मुलाचाही लागत नाही.
लोणीची पहिली बस किती वाजता, ह्यांना विचारलं.
"कितीलाही असो," म्हणाले, "हौसाबाईच्या आधी पोचायची नाही."
रिक्षाने निघतेय. आत्ताच.