दादाच्या पाठीचं पोस्टर

हेलसिंकी, १२ एप्रिल

तीर्थस्वरूप आर्मासदादा यांस धाकट्या सिरक्काचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? तळ्यावरचा बर्फ पातळ झाला का? (झाला असेल तर त्यावरून चालत दुकानात जाऊ नकोस.) मी ठणठणीत आहे. पत्रास कारण की, तुझी पाठ इथे फार गाजते आहे.

रागावण्याआधी पूर्ण वाच. जूनमध्ये मी निवृत्त होते. राष्ट्रीय ऑपेराची पोस्टरं केली एकतीस वर्षं, आणि तेवढ्या वर्षांत तू एकदाच चौकशी केलीस, "अजून चित्रंच चिकटवतेस का?" (चिकटवणारे वेगळे असतात, हे तेव्हाही सांगितलं होतं.) तर हे माझं शेवटचं पोस्टर. गोष्ट एका कोळ्याची. पहिल्या अंकात त्याची बायको जाते आणि उरलेले तीन अंक तो गातो. आमच्या गायकाचे फोटो काढून पाहिले, पण पठ्ठ्या दुःखातही दात दाखवत होता. मग मला गेल्या उन्हाळ्यातला फोटो आठवला. तळ्याच्या लाकडी धक्क्यावर तू पाठमोरा बसलेला, लोकरी टोपी घालून. तुला न सांगता काढलेला. तोच घेतला.

आमचे पाहुणे दिग्दर्शक ऑर्सिनी इटलीचे. ते म्हणाले, "माणूस झकास आहे हो, पण त्याला जरा आणखी दुःखी व्हायला सांगा ना!" मी म्हटलं, "साहेब, तो माझा भाऊ आहे. त्याला जास्तीत जास्त एवढंच जमतं."

फोटोत तुझ्या डावीकडे थोडी फळी मोकळी आहे. नेमकं तिथेच त्यांना ऑपेराचं नाव हवं होतं. मी नको म्हटलं. चित्राचा तोल जातो, अक्षरं पाण्यात पडतील असं वाटतं, अशी तोंडाला येतील ती कारणं दिली. आमच्या संचालक मार्केत्ताबाई म्हणाल्या, "अगं सिरक्का, हवं तर लहान कर, पण तिथेच घे. नाहीतर मला दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावं लागेल." निवृत्तीला तीन महिने उरलेले, शेवटचं काम हातचं जाणार. मी म्हटलं, "घ्या करून," आणि कोट घालून निघाले. दुसऱ्या दिवशी बाईंनी मला नाव वर आभाळात सरकवू दिलं.

आता ट्रामच्या थांब्यांवर तू पुरुषभर उंच आहेस. लोक एकमेकांपासून राहतात तसे तुझ्यापासूनही दोन हात लांब उभे राहतात. तुझी परवानगी असावी, एवढंच मागणं.

तुझी,
सिरक्का

ता. क. पोस्टरं सोमवारीच लागली. परवानगी सावकाश दिलीस तरी चालेल.

ता. क. तोलाबिलाचं सगळं खोटं होतं. हिल्क्का वहिनी जाऊन दुसरं वर्ष लागलं, तरी तू धक्क्यावर उजवीकडेच सरकून बसतोस. तिच्या जागेवर मला कुणाला बसू द्यायचं नव्हतं. अक्षरांनाही नाही.

ता. क. खरं म्हणजे विचारायचं होतं ते हे: निवृत्तीनंतर मी तुझ्याकडे राहायला येऊ का? मला तुझी रोज काळजी वाटते आणि मलाही इथे एकटीला करमत नाही. नको असेल तर तसं लिही. पत्र आलं नाही, तर हो समजून सामान बांधते. (आजवर तू माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलेलं नाहीस, हे ध्यानात ठेवूनच विचारते आहे.)