बिननावाचं पत्र

सर, मागच्या रविवारी तुमची मुलगी झरीला माझ्याकडे आली होती. दिग्रसहून इतक्या लांब, तीन गाड्या बदलून, मांडीवर तुमची ती जाड फाइल घेऊन. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आता तिला तुमचं भाषांतर छापायचं आहे. अमेरिका नुकतीच स्वतंत्र झाली तेव्हाच्या एका म्हाताऱ्या पुढाऱ्याला लोकांनी पाठवलेली पत्रं. "ताई, लिहून सगळं तुम्हीच घेतलं होतं, तुम्हीच एकदा पाहून द्या," ती म्हणाली. मी पानं उलटत होते आणि मध्येच वहीतून फाडलेला, चार घड्यांचा एक कागद हाताला लागला. न उघडताच मला तो कळला. त्याच्या पाठीवर तुम्ही, भाषांतरातल्या इतर पत्रांवर लिहायचात तसंच, मिळाल्याची तारीख घातली होती आणि खाली 'पाठवणाऱ्याचं नाव नाही' असं लिहिलं होतं. ते अक्षर तुमचंच, पण वेडंवाकडं, डाव्या हाताचं. म्हणजे उजवा हात मोडल्यानंतरचं. "हे बाबाले मार पडला त्याच दिवसाचं हाय," तुमची मुलगी म्हणाली. "ज्यानं लिहिलं त्याले मारणारे माहीत होते. तुम्ही ओळखता काय हे अक्षर?" मी नाही म्हटलं. ती फाइल माझ्याकडेच ठेवून गेली.

त्या वर्षी मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला होते. तुम्ही पुस्तक बाजूला ठेवून आम्हाला ती पत्रं वाचून दाखवायचात. एक विधवा मुलासाठी नोकरी मागते, कोणी नव्या झाडाचं बी पाठवतो, कोणी चार पानं भरून शिव्या घालतो. तो म्हातारा एकेक पत्र जपून ठेवायचा, कधी मिळालं ते टिपून ठेवायचा. मला तो माणूस आमच्या तालुक्यातलाच वाटायला लागला होता. आणि त्याच उन्हाळ्यात बारावीच्या परीक्षेत तुम्ही, पुन्हा बसलेल्या माझ्या मोठ्या भावाच्या मोज्यातून कॉपी काढली. त्याचं वर्ष गेलं. गावात सगळ्यांनी विचारलं, काहून गेलं, म्हणून. दादा घरात कोणाशी बोलेनासा झाला, आणि गप्प बसलेल्या दादाची मला लहानपणापासून भीती वाटायची. एका संध्याकाळी मी चुलीशी भाकरी थापतेय, आणि अंगणात दादा आणि त्याचे दोन मित्र. एक मित्र म्हणत होता, "उद्या चार वाजता. जिनिंग फॅक्टरीच्या मागून एकटाच येते मास्तर सायकलनं." मग दादाचा आवाज : "जीव नाही घ्याचा. पण याद राह्यली पाहिजे." माझी भाकरी जळून काळी झाली. "ध्यान कुठं हाय तुहं?" माय ओरडली. मी सांगितलं नाही.

सकाळी मी अक्षरं मुद्दाम डावीकडे झुकवून लिहिलं, आज चार वाजता जिनिंगच्या रस्त्याने जाऊ नका. कागद तुमच्या टेबलावरच्या वह्यांत सरकवला. तुम्ही तो वर्गातच उघडलात, मनातल्या मनात वाचलात आणि वर पाहिलंत. "कोणी लिहिलं हे?" चाळीस माना खाली. मी बाकाच्या लाकडात नख रुतवून बसले होते. तेव्हा तुम्ही म्हणालात, त्या म्हाताऱ्यालाही अशी पत्रं यायची, धमक्यांची, इशाऱ्यांची, बिननावाची. तो ती ठेवून द्यायचा आणि रोजच्यासारखा घोड्यावरून फिरायला जायचा. मग चिडून म्हणालात, "नाव घालत जा रे. बिननावाच्या पत्रानं माणूस वाचत नाही, नुसता घाबरते." चार वाजता मी कॉलेजच्या गेटशी उभी होते. तुम्ही सायकलवर टांग टाकलीत. हाक मारायला मी तोंड उघडलं, आणि मग नळावर जाऊन पाणी पिऊन आले. एवढंच केलं.

तुमचा उजवा हात दोन जागी मोडला होता. पोलीस वर्गात आले, चिठ्ठीची चौकशी झाली. दवाखान्यातून तुम्ही जबाब दिलात की ती तुम्ही फाडून फेकली. मला केवढं हायसं वाटलं होतं! मग महिन्याभराने तुमच्या घरून काकूंचा निरोप आला, सरांना लिहिता येत नाही, तू येशील काय. तुम्हाला नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. दीड वर्षं मी तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तुम्ही सांगाल ते लिहीत होते, आणि प्रत्येक 'ळ' काढताना वाटायचं, आता पकडली जाईन. एकदा इशाऱ्याच्या एका बिननावाच्या पत्रापाशी तुम्ही थांबलात. खिडकीबाहेर पाहत म्हणालात, "हे लिहिणाऱ्याच्या घरातलंच कोणी असेल त्यात. नाव कसं घालणार तो?" आणि काकूंना चहा टाकायला सांगितलात. माझ्याकडे पाहिलं नाहीत. पुढे नोकरी लागल्यावर मी झरीची शाळा मागून घेतली. सगळे म्हणाले, इतक्या लांब कायले? दिग्रसपासून लांब, म्हणूनच.

परवा मी दादाला फोन करून कागदाचं सांगितलं. तो आता थकलाय, छातीचं ऑपरेशन झालंय, मुलीचं लग्न ठरलंय. "जाळून टाक तो कागद," पहिल्यांदा तेवढंच म्हणाला. मग त्याने विचारलं, "तू लिहिलं होतं?" मी हो म्हटलं. "मंग मले काहून नाही बोलली? माह्या तोंडावर बोलली असती तं थांबलो असतो मी." तो खरं बोलतोय की म्हातारपणी स्वतःला समजावतोय, मला ठरवता येत नाही. आणि खरं असेल तर मी काय केलं, हे मला बघवत नाही.

आज दुपारी तुमची मुलगी फाइल न्यायला आली. मी कागद जाळला नव्हता. तो तिच्या हातात दिला आणि म्हटलं, अक्षर माझं आहे. तिने विचारलं, "आणि मारणारे?" मी फाइलची नाडी बांधायला घेतली. तीच हळू म्हणाली, "घरचं कोणी होतं?" मी मान हलवली. "भाऊ?" मी पुन्हा मान हलवली. मला वाटलं, आता ती उठेल, ठाण्यात जाईल, दादाच्या दारात जाऊन उभी राहील. ती रडायला लागली. मग माझा हात धरून म्हणाली, "घरच्यांच्या विरुद्ध जाऊन तुम्ही माह्या बाबाले वाचवायला पाह्यलं, ताई." जीपपर्यंत तिला सोडून आले. तिने तेच पुन्हा म्हटलं आणि मी ते ऐकून घेतलं.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. त्या सकाळी मला तुमची काळजी नव्हती, सर. दादा जेलात जाईल, याची होती.