ओळख वर राहावी म्हणून

३ मार्च, सोमवार

मानवजातीवर आजवर झालेल्या अन्यायांच्या यादीत एंटर या बटणाचं नाव कोणी घातलेलं नाही. ते काम मी करतो. पूर्वी एंटर दाबलं की माणूस मुकाट्याने खालच्या ओळीवर जायचा. आता खाली एक रिकामी चौकट उगवते आणि विचारते, काय हवंय आपल्याला? मजकूर, चित्र, अवतरण, यादी? बाई गं, मला फक्त पुढचं वाक्य हवंय. तहानलेल्याने पाणी मागावं आणि त्याच्या हातात भांड्यांचा कॅटलॉग ठेवावा, तशातली गत.

तक्रार संपली. बाकी सगळं झकास आहे. वर्तमानपत्राने माझं विनोदी सदर बंद केल्यापासून मी घरात बसून जगाला नावं ठेवत होतो. बायको म्हणाली, फुकट ठेवतोस त्यापेक्षा पगार घेऊन ठेव. म्हणून ही महिनाभराची नोकरी. काम असं: ब्लॉग लिहायच्या चार वेगवेगळ्या जागा. चारही ठिकाणी तोच लेख लिहायचा आणि कुठे लिहिणं सुखाचं, कुठे डोकेदुखी, ते अहवालात मांडायचं. थोडक्यात, चार सुनांच्या हातचा एकच पदार्थ खाऊन खोट काढायची. माझा जन्मच यासाठी झालेला दिसतो.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, झोपायची खोली तिसऱ्यावर, घर बसने चार तासांवर. शनिवारी घरी. बावीस तारखेला मुलगी येतेय, आठ महिन्यांच्या नातीला घेऊन. नात मी अजून फक्त फोनवर पाहिली आहे. स्टेशनवर मीच घ्यायला येणार, असं मुलीला कबूल केलंय.

टेबलाच्या खणात बिस्किटांचं न फोडलेलं पाकीट निघालं. सोबत चिठ्ठी: खा, पुढच्यासाठी ठेव. संध्याकाळपर्यंत त्यातला पहिला भाग मी पार पाडला.

४ मार्च, मंगळवार

शेजारच्या टेबलावर चौकडीच्या शर्टातले एक सद्गृहस्थ असतात. काल म्हणाले, अंगठा कापलाय, टाइप हळू होतं, सांभाळून घ्या. आज पुन्हा तेच, त्याच सुरात. मी म्हटलं, पट्टी निघाली की सांगा, सत्कार करू. हसले नाहीत. चहावाल्या मावशी त्यांना चहा देत नाहीत. का, असं विचारलं, तर म्हणाल्या, त्यांचा कप भरलेलाच असतो.

आता कामाचं. पहिली जागा जुन्या टाइपरायटरसारखी, सांगितलेलं ऐकते आणि उलट बोलत नाही. दुसरी ती चौकटवाली. तिसरी मजकुराचं पोट फाडून आतली सगळी आतडी पडद्यावर मांडते. चौथी या कंपनीची स्वतःची: पांढरा पडदा, एक लुकलुकती रेघ आणि वर एकच प्रश्न, पोस्ट की पान?

पोस्टला तारीख असते. नवी आली की जुनी खाली सरकते. तिच्या पायाशी ‘मागची’, ‘पुढची’ असे दुवे असतात, आणि लोकांना अभिप्राय द्यायला जागा. पानाला यातलं काहीच नसतं. तारीख नाही, मागचं-पुढचं नाही, कोणी काही म्हणायची सोय नाही. ते वरच्या पट्टीत कायमचं टांगलेलं.

नव्या माणसाने इथे आपली ओळख पोस्ट करायची रीत आहे. मी एक दिवस उशिराच लिहिली:

‘नमस्कार. मी आजच रुजू झालो आहे. डाव्या हाताला गरम चहा आहे. तोंड खिडकीकडे आणि पाठ तुमच्याकडे, कारण पाठ ही माझी त्यातल्या त्यात बरी बाजू. काम असेल तर हाक मारा. मी कुठे जात नाही.’

हशा पिकला. आमच्या प्रमुखबाईंनी ती दोनदा वाचून दाखवली. सदर बंद करणाऱ्या संपादकाची फार आठवण आली.

६ मार्च, गुरुवार

माझी ओळख खाली गेली. तिच्या डोक्यावर कोण बसलं आहे? ‘दुसऱ्या मजल्यावरील बेसिनचा नळ दुरुस्त झाला आहे.’ त्यावर, ‘नळ पुन्हा गळत आहे.’ तीस वर्षं लिहिल्याचं हे फळ.

गप्प बसणाऱ्यांतला मी नाही. बाजूच्या कप्प्यात प्रकार बदलायची सोय आहे. पोस्टचं पान केलं. पडद्याने विचारलं, तारीख काढायची ना? म्हटलं, काढ. ओळख टुणकन वरच्या पट्टीत जाऊन बसली. आता नळाने खुशाल गळावं.

अहवालाच्या तक्त्यातही नोंद केली: पहिल्या जागेत पानाचं पुन्हा पोस्ट करता येतं, दुसरीत आणि तिसरीत खटपट करून, चौथीत अजिबात नाही. शेरा: किरकोळ दोष.

प्रमुखबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, बरं केलंत, चांगली माणसं टिकायला हवीत. चौकडीवाल्यांनी त्यांची खुर्ची जराशी सरकवली. एखाद्याला बसायला जागा करून द्यावी तशी.

७ मार्च, शुक्रवार

दाढी करायला आरसा धरला, तर कालचीच गुळगुळीत. वयाने शेवटी हार मानलेली दिसते. दुपारी खाली जाऊन दोन पाकिटं बिस्किटं आणली, एक खणासाठी आणि एक नातीसाठी. मुलगी म्हणते, हिरड्या शिवशिवतात, दिसेल ते चावते. आजोबांवर गेली आहे.

८ मार्च, शनिवार

पिशवी घेऊन घरी जायला निघालो. जिना उतरलो, दार ढकललं आणि टेबलाशी आलो. काही विसरलो असेन म्हणून खण पाहिला. पुन्हा उतरलो. पुन्हा टेबल. वरच्या खोलीचा जिना चढून पाहिला. टेबलच. डाव्या हाताला चहा. मी मागवला नव्हता. गरम होता.

दोन वाजताची बस गेली. बायकोला फोन केला, काहीतरी विचित्र झालंय म्हणून सांगायला. ती हसली, म्हणाली, छान लिहिलंयस, आता खरं बोल. मी खरंच बोलत होतो.

१० मार्च, सोमवार

बायकोला आज पाच वेळा सांगितलं, अडकलोय, कोणाला तरी पाठव. पाचव्यांदा ती चिडली. ‘कळलं रे, आजच रुजू झालास, डाव्या हाताला चहा आहे. आठवडा झाला. ही थट्टा कोणाला ऐकवतोस?’ मग रडली.

म्हणजे मी बोलतो एक आणि पलीकडे जातं ते दुसरं. जातं ते माझ्या ओळखीतलं.

वरच्या पट्टीतली बाकीची पानं आज उघडली. माझ्याशेजारच्या पानावर दोनच ओळी आहेत. ‘अंगठा कापलाय, टाइप हळू होतं. सांभाळून घ्या.’

मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. पट्टीवरचा रक्ताचा ठिपका अजून ओला आहे.

१२ मार्च?

चौथ्या जागेत पानाचं पोस्ट करून पाहिलं. होत नाही. तसं मीच लिहून ठेवलंय. किरकोळ दोष. पुसून पाहिलं. पानावर ‘पुसा’ नाहीच.

एवढं कळलं: खोलीत कोणी नसेल तेव्हा हलता येतं. टेबलापासून दारापर्यंत, दारातून टेबलापर्यंत. कोणी बघायला लागलं, की मान आपोआप खिडकीकडे. भूक नाही. झोप नाही. फक्त या वहीत अजून माझं स्वतःचं वाक्य उमटतं.

मावशी माझ्या टेबलापाशी थांबल्या. कपात डोकावल्या. किटली तशीच उचलली आणि म्हणाल्या, ‘दादा, तुम्ही पण?’

२२ मार्च, शनिवार

आली. मी स्टेशनवर गेलो नाही म्हणून स्टेशनवरून थेट इथे आली. जिन्यात पावलं ऐकली. बाळाचा आवाज ऐकला. आणि माझी मान वळली, खिडकीकडे.

मी म्हणालो, आलीस, दे तिला इकडे. कानांनी ऐकलं: नमस्कार. मी आजच रुजू झालो आहे.

ती आधी हसली. आईने सांगितलेलं खरंच की, असं काहीतरी म्हणाली. मग माझ्या खांद्याला हात लावला. मी पुन्हा सांगितलं, सगळं सांगितलं. पाठ ही माझी त्यातल्या त्यात बरी बाजू, असं निघालं.

‘बाबा, पुरे. हिच्याकडे बघ तरी.’

खिडकीच्या काचेत एक टोपडं दिसलं. ऊन होतं, चेहरा दिसला नाही. माझ्या कॉलरला मागून बारीक बोटांनी पकडलं होतं. मग ती बोटं कोणीतरी सोडवली.

डॉक्टरांना घेऊन येते म्हणाली. मी म्हणालो, मी कुठे जात नाही.

एप्रिल असावा

डॉक्टर आले म्हणतात. गेले. बायको येऊन बसायची. मला तिची चप्पल ओळखू यायची. आता काठी वाजते. काठी कधीपासून—

तारीख लिहिली की शाई उडते

काचेत मुलगी. केस कडेने पांढरे. तिच्याशेजारी शाळेतली एक पोर, दोन वेण्या. पोर म्हणाली, आजोबा नेहमी असेच? मुलगी म्हणाली, हो गं, तू एवढीशी होतीस तेव्हापासून.

नंतर बायकोची काठी ऐकली नाही. बरेच दिवस. किंवा एकच दिवस. चहा गरम आहे.

—

डावीकडचं टेबल भरलं. नवं माणूस, तरुण बाई. हसली की ओळखीचं वाटतं. प्रमुखबाईंना (या वेगळ्या, जुन्या कुठे गेल्या कोण जाणे) म्हणाली, आजोबांशेजारचंच टेबल हवं होतं, म्हणून तर ही नोकरी घेतली.

आजोबा म्हणजे मी.

—

तिने ओळख लिहिली. मोठ्याने वाचली, मला ऐकवायला. ‘मला माझ्या आजोबांचा चेहरा आठवत नाही. त्यांची कॉलर आठवते.’

पोस्ट आहे. अजून पोस्टच आहे.

—

खाली सरकायला लागली. नळ गळतोय तिच्या डोक्यावर. ती म्हणाली, वरच्या पट्टीत तुमच्याशेजारी राहिली तर किती छान, नाही का आजोबा?

मी ओरडलो. घसा फुटेस्तोवर. ती हसली. म्हणाली, हो, माहितेय, चहा गरम आहे.

—

ती जेवायला गेली आहे. खोली रिकामी, आम्ही दोन पानं सोडून. चौकडीवाले माझ्याकडे पाहतायत, अंगठा धरून. खणातलं पाकीट तेव्हा त्यांनीच ठेवलं असणार. त्यांनाही तेवढंच जमलं असणार.

माझ्या पिशवीत दोन्ही पाकिटं आहेत. ताजी. दोन्ही तिच्या खणात ठेवली. एक खणाचं. एक तिचं, हिरड्या शिवशिवत होत्या तेव्हाचं. तेवढं तरी देऊन टाकलं.

वही उघडीच ठेवतो, पाकिटांवर. हात जड होतोय. जिन्यात पावलं. बाळा, पान करू नकोस. ओळख खाली जाते ती जाऊ दे. खाली जाणं म्हणजे उद्या येणं, बाळा, खाली जाणं म्हणजेच— डाव्या हाता— नको, हे नको— तू पोस्टच राहा, तू घरी— नमस्कार. मी आजच रु